घुशीच्या बिळावरचं खापर

माय,

यंदा तुझ्या वाडीतली वालाची एक शेंग माझ्या हाती लागली नाही. घरामागचा तो तुकडा अजून तेवढाच आहे, विहीर आहे, पेरू आहे, पण खाणारे वेगळे झालेत. वालावर मावा पडला तेव्हा मी तुझ्यासारखाच भल्या सकाळी दंव असताना राख उडवत फिरलो. तुझी सून म्हणाली, जन्मभर एसटीत तिकिटं फाडली आणि आता सासूबाईंची नक्कल करताय. मावा गेला. मग कुंपणाच्या बल्ल्यांना लाकूड पोखरणारी उधई लागली, हात टेकला तर बल्ली मोडून हातात यायची. त्यानंतर मागच्या भिंतीखाली घुशीनं बीळ केलं, आणि पावसाळ्यात भिंत एका बाजूनं खचली. हे सगळं मी सोसलं असतं. किडामुंगीशी माणसाचं वैर असतं, राग नसतो. राग माकडांचा येतो, कारण ती तोंडाकडे बघत बघत खातात.

नोकरीत होतो तोवर नालवाडीत भाड्यानं राहिलो, सणावारी गावी येऊन जायचो, तेव्हा माकडं म्हणजे मुलांना दाखवायची गंमत होती. निवृत्त होऊन इथं कायमचे आलो आणि कळलं की घर आपल्या नावावर असलं तरी छपरावरचे कवेलू त्यांच्या मालकीचे आहेत. पवनारच्या बाजूनं, धाम नदीच्या काठच्या झाडांवरून टोळी येते आणि अख्ख्या छपरावरून खडखडत जाते. फटाके फोडले, चार दिवस घाबरली. कोणीतरी सांगितलं म्हणून वर्ध्याहून कापसाचा वाघ आणून भिंतीवर बांधला, तर एक पिल्लू त्याच्या डोक्यावर बसून माझीच पपई खात होतं. गोफण घेतली की शेजारचे हात जोडतात. म्हणतात, तुमच्याच वाडीत मारुती बसलेला, आणि तुम्ही त्याच्या लेकरांवर दगड मारता? त्यांना काय सांगू, तो मारुती तिथं कसा आला ते तुला आणि मला माहीत आहे.

पोळा झाल्यावर तुझी सून ओट्यावर मुगवड्या घालत होती. टोळी उतरली. तिनं हाकललं नाही, नुसती ताट उचलून मागं सरली, आणि एक मोठा हुप्प्या दात दाखवत अंगावर आला. ती ओट्यावरून पाठीवर पडली. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण अजून ती खाटेवरच आहे, कुशीवर वळवायलासुद्धा मी लागतो. वेदनेपेक्षा तिला त्याचीच लाज वाटते. मी दिवसभर भिंतीशी काठी घेऊन बसतो. परवा तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मले माकडाइचं भेव नाई वाटत आता. तुमचं वाटते." मी हसून टाळलं. पण तिचं चुकलं नव्हतं, आणि तेव्हापासून तू सारखी डोळ्यांसमोर येतेस.

तू चुलीपुढे बसली आहेस. परातीत कणीक आहे, गूळ आहे, मी शाळेतून येऊन दप्तर टाकतो आणि गोळ्याला हात घालतो. तू मला मारलंस ते तेवढंच एकदा. हात असा बसला की कान वाजत राहिला. मग तूच मला ओढत मोरीवर नेलंस आणि राखेनं माझे हात घासून घासून लाल केलेस. नंतर वाडीत नेऊन दाखवलंस. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी औषधाचे गोळे, त्यावर फुटक्या माठाचं मोठं खापर पालथं, आणि खापरावर दगड. "घूस खालून येऊन खाते. कोंबडी नाई, कुत्रं नाई, लेकरू नाई. खापराबिगर औषध ठेवते तो मानूस नाई," असं म्हणालीस. हे तू देवाचं नाव घ्यावं तसं म्हणाली होतीस. संध्याकाळी गोळे ठेवायचे, सकाळी उरलेले मोजून पुरायचे, यात तुझी कधी चूक व्हायची नाही.

मग माझ्या पाठच्या बहिणीचं, लहानीचं ते झालं. ती ओट्यावर भाकरीचा तुकडा घेऊन बसली होती, नुकती चालायला लागलेली. हुप्प्या भाकरीसाठी आला, तिनं भाकर सोडली नाही. त्यानं कपाळापासून गालापर्यंत ओरबाडलं. वर्ध्याच्या दवाखान्यातून तुम्ही परत आलात तेव्हा पट्टी होती, पट्टी निघाली तेव्हा तो डोळा पांढरा झाला होता. बाया भेटायला आल्या. एकजण म्हणाली की मारुतीरायाचा हात लागला, पोरीचं भलंच होईल. तू तिला चहा दिलास आणि विचारलंस, "डोया घेऊन?" एवढंच. त्यानंतर किती दिवस तू माकडांना हाकललंही नाहीस. ती यायची, वाल ओरबाडायची, आणि तू दारात उभी राहून नुसती बघायचीस.

ज्या सकाळी तो हुप्प्या वाडीत मरून पडला, त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो होतो. पेरूखाली तो बसल्यासारखा पडला होता, तोंडाला फेस. बिळाच्या तोंडाशी गोळ्यांचा चुरा होता. खापर मोरीजवळ भिंतीला टेकून उभं होतं, कोरडं, रात्रीचं दंव न लागलेलं. मी ते उचललं, बिळावर पालथं घातलं, वर दगड ठेवला. मागं वळलो तर तू दारात. मग गाव लोटलं. खांबावरून करंट लागला असेल, असं कोणी म्हणालं, आणि तू म्हणालीस, "असन." त्याला खुर्चीवर बसवून गुलाल लावला, भजन म्हणत गावातून मिरवला, आणि मारुतीनं जागा निवडली म्हणून आपल्याच वाडीत पुरला. माणसांनी डोकी भादरली, तेरवीला गाव जेवलं, आणि वालाच्या वाफ्यात शेंदराचा दगड बसला. नाही म्हणायची तुझी सोय नव्हती. त्या दिवशी सगळे गेल्यावर तू माझ्या हातावर गुळाचा मोठा खडा ठेवलास आणि माझी मूठ मिटलीस.

नंतर तू तिथं वाल लावला नाहीस. दर शनिवारी दिवा मात्र लावलास, हात थरथरायला लागले तरी. पदर डोक्यावर घ्यायचीस, वात सरळ करायचीस आणि परत यायचीस. तुला हात जोडताना मी पाहिलं नाही. लहानी आता बोरगावला सुखात आहे, नातवंडांना एका डोळ्यानंही दोन डोळ्यांचा धाक घालते. आणि मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी माय दमलेली होती, पोरीच्या काळजीत होती, खापर ठेवायचं राहून गेलं. तू खाटेला खिळलीस तेव्हा रात्रंदिवस तुझ्या उशाशी बसलो, पण विचारवलं नाही. खरं तर उत्तराची भीती वाटायची. राहिलं होतं, की ठेवलं नव्हतंस?

आता विचारत नाही. आज दुपारी मी कणीक भिजवली. गूळ घातला. घुशीसाठी, असं तुझ्या सुनेला सांगितलं, आणि घूस आहेच, भिंत खचलीच आहे, त्यात खोटं काही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. एकटीनं वळली, कसं वळली कोण जाणे. गोळे बिळाच्या तोंडाशी ठेवून आलो आणि हात राखेनं धुऊन हे लिहायला बसलो. उन्हं उतरायला लागली की टोळी येते. तुझ्या शनिवारच्या दिव्यांचा अर्थ मला आज कळतो आहे, आणि तो कळायला नको होता असं वाटतं. हा कागद कुठं पाठवायचा नाही, संध्याकाळी चुलीत जाईल. छपरावर कवेलू वाजायला लागलेत, माय. खापर अजून माझ्या पायाशीच आहे.