उंदराची हळद

पातूर, गुरुवार

तीर्थरूप जमुनामावशीस,

देवमनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला असेल. आमच्याकडे बाबांनी यंदा कपाशी सोडून झेंडू लावला. झेंडू फुलला आणि भाव पडला, म्हणजे नेहमीसारखंच.

पत्राचं कारण एक उंदीर. बिळातला नाही, पाळलेला. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. समोरच्या शकुनला तो तिच्या वहिनीच्या भावाने, नांदगाव पेठेच्या कापड गिरणीतल्या ओमप्रकाशने दिला. (पोरीला उंदीर देतं का कोणी? आमच्या वावरात उंदरांनी अर्धा भुईमूग खाल्ला, पण आम्ही त्यांना कुणाच्या वाढदिवसाला पाठवलं नाही.) त्याचं नाव तिने राजा ठेवलं. राजा तिच्या खांद्यावर बसतो, तिच्या हातचे मुरमुरे खातो, ओढणीत झोपतो. मी जन्मापासून समोर राहून राहिलो, मला आजवर एक मुरमुरा मिळाला नाही.

राजाची नखं वाढली आणि शकुनच्या मानेवर ओरखडे उठले. ते पाहून मला काय झालं ते मोठ्या माणसांना लिहिण्यासारखं नाही. नखं कापायला घरात कोणी धजेना. मी शेतकी कॉलेजात दोन वर्षं काढलेली (तिसरं काहून काढलं नाही ते तुला ठाऊक आहे; सरांचंही चुकलंच होतं), म्हणून जनावरांचं मला कळतं असा तिचा समज. तो मी मोडला नाही.

मंगळवारी दुपारी त्यांच्या घरी बसलो. राजाला मऊ फडक्यात सैल गुंडाळलं, कारण पोट दाबलं की त्याचा श्वास कोंडतो. शकुन त्याला मुरमुऱ्यात गुंतवून होती. एकेक पाय बाहेर काढून मी उजेडाकडे धरायचो. नखात गुलाबी रेघ दिसते ती रक्ताची; तिच्या अलीकडचं नुसतं टोक छाटायचं. चार नखं बिनचूक झाली. पाचव्याला शकुन त्याच्या कानाशी म्हणाली, "भिऊ नको रे माह्या राजा, मी हावो ना." आणि नेलकटर सरकलं. (मुद्दाम नाही. माझं वैर उंदराशी आहे, त्याच्या पायाशी नाही.)

थेंबभर रक्त. चिमूटभर पीठ दाबलं असतं तरी थांबलं असतं. पण आपल्याकडे कापलं की हात हळदीवरच जातो. मी त्यांचा डबा ओढला, तो उपडा झाला, राजा सुटून त्यात लोळला आणि पिवळाधम्मक होऊन शकुनच्या मांडीवर जाऊन बसला. तिची आजी पार्बताबाई दारातून पाहत होती. म्हणाली, "अवो माय, नवरदेवाले हळद लागली. नवरी कोठी हाय?"

सगळं घर हसलं, शकुनही. मग वहिनी म्हणाली की नवरी काही लांब नाही, आपल्याच माहेरचे लोक रविवारी ओमप्रकाशसाठी शकुनला पाहायला येताहेत. शकुनचं हसू थांबलं. तिची आई माझ्याकडे बघत बोलली की पोरगी वावरात देणार नाही, नोकरीवालाच पाहिजे. मी म्हणालो, उंदीरवालाच पाहिजे म्हणा ना, आणि नेलकटर आपटून निघून आलो. त्या घराची पायरी चढणार नाही. शकुनचा विषय माझ्यापुरता संपला.

काकांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुझा,
देवमन

ता. क. रविवारचं ते स्थळ तूच सुचवलं असं वहिनी सांगत होती. खोटं बोलत असेल. खरं असेल तर मावशी, शनिवारीच ये. अकोल्यावरून बस आहे, मी स्टँडवर येतो, गुडघ्यांसाठी तेल कढवून ठेवतो. पाहुण्यांच्या आधी माह्यं नाव त्या घरात टाक.

ता. क. पत्र पाकिटात घालताना शकुन दारात आली. राजाचा पाय बरा आहे, तेरा नखं राहिली, कधी कापतो, असं विचारत होती. मी म्हटलं, घाई बरी नाही, आठवड्याला एक. ती म्हणाली, "तेरा आठवडे? तवरिक पहिलं परत वाढन ना." मी म्हटलं, वाढू दे. जाताना ती माझ्या हातावर मुरमुरे ठेवून गेली.

त्यांचा हळदीचा डबा रिकामा आहे. येताना हळद आण. लग्नाघरी लागते तेवढी आण.