सुराआधीचा श्वास

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार, म्हणजे मनातल्या मनात. उजवा गुडघा जरा सुजलाय, त्यामुळे प्रत्यक्षात तो जमिनीला टेकणं सध्या बंद. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं ठीक. आईच्या कुंडीतल्या झाडाला मी रोज पाणी घालते. जास्तच घालते बहुतेक, पानं पिवळी पडलीत.

तुझं पत्र मिळालं. 'आई गेली तरी तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात तू टाचा वर करून नाचायला मोकळी. दगड आहेस, दगड!' वाचलं. घडी घालून ठेवलं. मग भांडी घासली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण तोही आला नाही.

बातमी अशी, की शनिवारचा एकटीचा नाच माझ्या हातून जायची वेळ आली होती. आईने आणि मी वर्षभर ज्याच्यावर घाम गाळला, तोच. तिने पियानोवर बसायचं आणि मी नाचायचं, असं ठरलेलं. आता तिच्या जागी नवा पियानोवाला आलाय. भला माणूस आहे, पण वाजवतो घड्याळ गिळल्यासारखा. आणि मीही तशीच नाचायला लागले. एकही ठोका चुकत नाही. आमच्या नाचाच्या बाई एरवी जमिनीवर छडी आपटून आपटून खोली डोक्यावर घेतात. परवा नुसत्या बघत राहिल्या.

"हात वेळेवर येतो गं," त्या म्हणाल्या, "पण टपालाने आल्यासारखा येतो. पूर्वी एखाद्या सुरावर रेंगाळायचीस, मग पळत जाऊन पुढचा गाठायचीस. ती मुलगी कुठे गेली?"

"माहीत नाही."

"उद्यापर्यंत सापडली तर ठीक, नाहीतर दुसरीला उभी करीन. मला वाईट वाटेल, पण करीन."

मला काहीच वाटलं नाही. "बरं," म्हटलं आणि बुटांच्या फिती सोडायला बसले.

एक गंमत सांगते, आईने तुला कधी सांगितली नसणार. त्या नाचात मधे एक संथ जागा आहे. मी एका पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहते, दुसरा पाय मागे उचललेला. सूर चढत चढत वर जातो आणि तिथे थांबतो. किती थांबायचं, ते कागदावर लिहिलेलं नाही. माझा तोल सावरला, की आई तो सूर खाली आणायची. आणि आणण्याआधी नाकातून श्वास घ्यायची, सूंऽ करून. तिचं ते जन्माचं चोंदलेलं नाक! मी त्या आवाजावर हात खाली सोडायचे. लोक म्हणायचे, काय लय आहे पोरीची! लय कसली डोंबलाची, आईचं नाक होतं ते.

काल बाईंनी पियानोवाल्याला बजावलं, "त्या जागी तिच्यासाठी थांबा. ती हलली की मगच पुढे." तो थांबला. मीही थांबले. तो माझ्याकडे बघतोय, मी समोरच्या भिंतीकडे. सूर विरून गेला. पोटरी थरथरायला लागली, तरी मी आपली उभीच. शेवटी धाडकन टाच खाली आली.

"अगं, थांबलीस कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"आईने अजून श्वास घेतला नाही," मी म्हणाले.

ताई, दवाखान्यात तू आकांत केलास तेव्हा मी पलंगाची कड धरून नुसती उभी होते. तू मला गदागदा हलवलंस, "अगं, गेली ती!" मला ऐकू येत होतं. पण तिने एक श्वास सोडला होता आणि पुढचा यायचा होता. तो आल्याशिवाय मी हलत नाही, मला सवयच तशी. तेव्हापासून हललेच नाहीये गं. तालमीला गेले ती नाचायला मोकळी झाले म्हणून नाही. त्या खोलीत तरी तो आवाज येईल असं वाटलं, म्हणून गेले.

बाई उठून माझ्याजवळ आल्या. मग छडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "ती आता घ्यायची नाही, बाळा. तुझा तू घे."

पुन्हा उभी राहिले. घेतला. फार बारीक आला, पण पियानोवाल्याला ऐकू गेला असावा. सूर खाली आला, त्याच्यामागून माझा हातही आला. बाई म्हणाल्या, "शनिवारी तूच."

रडू अजून आलेलं नाही, खोटं कशाला सांगू? पण आज झाडाची माती बोटाने चाचपून पाहिली. ओली होती. पाणी घातलं नाही.

शनिवारी ये. भांडायचं असेल तर नाच झाल्यावर पोटभर भांड, मी कुठे पळून जात नाही. पहिल्या रांगेत, पियानोच्या बाजूची खुर्ची तुझ्यासाठी ठेवायला सांगितलीय. तुला ठाऊक नसेल, पण सुईत दोरा ओवताना तूही नाकातून तस्साच श्वास घेतेस. मला नाहीच जमलं, तर तू घे.

भाऊजींना नमस्कार.

अजून एका पायावर उभा असलेला,
तुझाच दगड