व्हेनिसच्या चौकातलं चित्र

बाबा,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

त्या सुट्टीत मी पंधरा वर्षांची होते. आई पाय मोडून ग्राझला घरी पडली होती. "तिकिटं कशाला वाया घालवायची," म्हणत तुम्ही मला व्हेनिसला नेलंत. तिथे स्टेशनवर तुमच्या ऑफिसातली रेनाटे उभी होती. "बघ, कसा योगायोग!" म्हणालात. तिची बॅग मात्र तुमच्याच खोलीत गेली. रोज आईचा फोन आला की तुम्ही माझा दंड धरून कुजबुजायचात, "आपण दोघंच आहोत म्हणून सांग." मी सांगायचे.

चौथ्या दिवशी चौकात चित्रकार दिसला. मीच म्हटलं, "बाबा, आपलं तिघांचं चित्र काढून घेऊ या ना."

"पोरगी शहाणी झाली गं, रेनाटे!" तुम्ही तिला जवळ ओढून अर्धा तास हसत बसलात. माझ्या हट्टाखातर तिनं चित्राखाली लिहिलं, 'व्हेनिसहून, प्रेमानं, रेनाटे'. ते चित्र मी आईला पोस्टानं पाठवलं आणि तुम्हाला म्हटलं, बोटीत विसरलं.

घरी आलो तेव्हा तुमचे कपडे जिन्यात पडले होते. रेनाटेनंच ते चित्र आईला पाठवलं, असं तुम्ही धरून चाललात आणि तिलाही हाकललंत. ती बिचारी शपथा घेत राहिली.

आता एकटे राहता. परवा म्हणालात, "उल्ली, तू एकटीच माझ्याशी प्रामाणिक राहिलीस."

हे वाचलंत तर उद्याच रेनाटेची माफी मागायला धावाल, आणि ती करेलही माफ. म्हणून हे पत्र माझ्या खणातच राहील.

तुमची मुलगी,
उल्ली