टेबलाच्या पायाची गाठ

ती. आईस,
हलत्या बोटीवरून वाकडातिकडा नमस्कार.

हे पत्र किनाऱ्याला लागल्यावरच पेटीत टाकेन. म्हणजे तुझ्या हातात पडेल तेव्हा आमची शिडाच्या बोटींची शर्यत संपलेली असेल आणि मी जमिनीवर असेन. म्हणून निवांत वाच.

तू म्हणायचीस, नुसती बसून असतेस. इथे तेच माझं काम! वाऱ्याने बोट कलली की आम्ही सगळे उचललेल्या काठावर ओळीने बसतो, पाय बाहेर सोडून, बोट उलटू नये म्हणून निव्वळ वजन. खाली पाणी सरकत राहतं, आकाश कुठे संपतं ते कळत नाही, आणि उघड्या डोळ्यांनीच स्वप्नं पडतात.

काल तशाच तंद्रीत एका लाटेने मला काठावरून उचललं. थोडी भिजले, एवढंच. कमरेचा पट्टा बोटीला अडकवलेला होता.

तू शिवणयंत्रावर बसलीस की मी रांगत जिन्याकडे जाऊ नये म्हणून मला टेबलाच्या पायाला बांधायचीस ना? शेजारच्या काकू त्यावरून तुला नावं ठेवायच्या. काल पाण्यात कमरेला अगदी तोच हिसका बसला.

तुझी मान दुखायची थांबली का? बाबांना लाटेचं सांगू नकोस.

काकूंना मात्र जरूर सांग, गाठ पक्की होती.

तुझी,
अजून बांधलेली लेक