डोरियांचा गरुड

दुबई, नोव्हेंबर २००३

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मरीनातल्या हॉटेलच्या इटालियन मालकाला दारावर जेनोआच्या डोरियांचा काळा गरुड हवा होता. जुने दर्यावर्दी सरदार, म्हणे त्याचे पूर्वज. मी प्लास्टरमध्ये घडवला. तुम्ही शिकवलंत तसं आधी ओल्या प्लास्टरवर बोटानं स्वस्तिक काढलं. वाटलं, रंगाखाली झाकलं जाईल.

आज गरुडावरून फिरणारा मालकाच्या म्हाताऱ्या वडिलांचा हात नेमका त्या खाचेवर थांबला. त्यांच्या लेखी ती नाझींची खूण. त्यांनी हॉटेलच्या मॅनेजरला बोलावून घेतलं.

"किसने किया?" मॅनेजर ओरडला.

मी त्याच बोटानं माझ्यासोबत काम करणाऱ्या, सोनापूरच्या मजूर कॅम्पातल्या सदाशिवकडे दाखवलं. उद्या त्याचा व्हिसा खलास.

तो खरं सांगेल म्हणून मी दार लावून बसलोय. पण बाबा, तो अजून एक शब्द बोललेला नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
संग्राम