बोळाला हरकत

हिंगोली, माघ व. ३, शके १८५९

चि. नानास द्वारकाअक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पावलं. अक्षर इतकं बारीक काढलंस की मला वाटलं मुंग्याच रांगेनं निघाल्या. कचेरीचा कागद वाचवून तुला बढती भेटणार असंल तर भेटो, पर बहिणीच्या डोळ्यांची दया ठेव. शिरडच्या शाळेत पंतोजींनी मला तिसरीपर्यंतच शिकवलं अन् तेबी मोठ्या अक्षरात.

आता बातमी. आमच्या मागचा बोळ जाऊन राहिला. कुठं म्हणशील, तर राधाकृष्ण शेटच्या वखारीत. शेटची हळदीची एक वखार बोळाच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला. दारं दोन्हींची पेठेकडं, हमालांना पोतं घेऊन पेठेतून वळसा पडते. म्हणून शेटनी बल्दियात, गावच्या कमेटीत, अर्ज दिला की मधला पन्नास हात बोळ मला द्या, मी वरून पत्रे टाकतो. बदल्यात पेठेकडचा माझ्या दुकानाचा ओटा चार हात मागं घेतो, गाड्यांना रस्ता होईल. काल दवंडी झाली. ज्याची हरकत असंल त्यानं पंधरा दिवसांत लिहून द्यावी.

तुला ठाऊकच हाय, बोळ म्हणजे आमची वाट. पेठेकडं दार असून बारा वर्षं मी मागच्या दारानं नदीला जाते, मारुतीला जाते. कुणी चांगल्या कामाला निघावं अन् समोर विधवा बाई यावी, हे पेठेला चालत न्हाई. शेजारची शालूबाई बी माझ्याच मागं बोळातून येते. बावीस वर्षांची पोर, नवरा जाऊन दोन वर्षं झाली. बोळ गेला तर आमी दोघींनी काय कावळ्यावानी उडत जावं?

तवा एक चांगली हरकत कचेरीच्या उर्दूत लिहून धाड. कारकून भाऊ असून जर बहिणीचा बोळ वाचत न्हाई, तर तुझी ती शाई काय भाजीत घालायची? सौ. सुनीतीला अन् चि. कालिंदीला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी अक्का

———

कळमनुरी, माघ व. ८

ती. गं. भा. अक्का यांचे पायी नानाचा सा. न. वि. वि. पत्र पावलं. अक्षर मोठं काढलं आहे, आता रागावू नये.

हरकतीचा कागद सोबत आहे. खाली सही तुमची करा. अंगठा लावून कारकुनाची थट्टा करू नका, तुम्ही कराल म्हणून सांगतो. पुढे मोजणीचा अमीन येईल, साखळीनं मोजील, पंचनामा करील, मग कमेटीपुढे सुनावणी. तिथे एकच गोष्ट विचारतील, ह्या बायांना दुसरी वाट आहे की नाही. म्हणून मी लिहिलं आहे की अर्जदार बेवा, म्हणजे विधवा, असल्यामुळे पेठेतून जाणं रिवाजाविरुद्ध आहे, सबब बोळावाचून वाट नाही. ह्या एका मुद्द्यावर बोळ नक्की राहील.

मात्र शेटशी गोडीनं घ्यावं. कालिंदीसाठी वसमतचं स्थळ सांगून आलं आहे. माणसं चांगली, मुलगा शाळेत मास्तर. पण ती मंडळी शेटच्या ओळखीची, आणि आमच्याबद्दल ते शेटलाच विचारणार. तुम्ही समजून घ्याल.

आपला लोभ आहेच, तो उतरू नये.

आपला, नाना

———

हिंगोली, फाल्गुन शु. २

चि. नानास आशीर्वाद. वि. वि. कागद दाखल केला, सही ठसठशीत केली. कारकुनानं दोनदा पाहिली.

अमीन साखळी घेऊन आला. शेट त्याला म्हणाले की या बाईला पेठेकडं चांगलं मोठं दार हाय, तिला पेठेतून जायला कोणी रोकलं? मी दाराआडून ऐकून राहिले होते. मला वाटलं, शेट म्हणते तर खरंच. मोठ्या माणसाचा शब्द मोडू न्हाई.

दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन पेठेकडच्या दारानं निघाले. शेट नेमके कचेरीत निघालेले. मला पाहून माघारी फिरले, गादीवर बसले, पाणी प्याले, पुन्हा निघाले. तोवर माझं काहीतरी घरी विसरलं होतं, म्हणून मी परत येऊन राहिले होते. ते पुन्हा बसले, पुन्हा पाणी प्याले. तिसऱ्यांदा मी मुद्दाम केलं, खोटं काहून बोलू. तीन तांबे पाणी पोटात घेऊन माणूस कचेरीत किती वेळ बसंल?

आता रोज जाते. कापडवाला सोनाजी दुकान उशिरा उघडून राहिला. हळदीच्या सौद्याला दोघा व्यापाऱ्यांनी रुमालाखाली भावाची बोटं धरली होती, मला पाहून त्यांनी हातच सोडले. पंधरा दिवस असं चाललं तर पेठच बल्दियाच्या पाया पडंल की बाबा, हिला हिचा बोळ द्या.

अन् एक सांगू का. बारा वर्षं मी पेठेची नुसती पाठ पाहिली. उकिरडे, मोऱ्या, म्हशींच्या शेपट्या. पेठेला तोंड बी हाय, अन् बरं हाय. कासाराकडं हिरव्या बांगड्या दोरीला टांगल्यात, वारा आला की वाजतात. मी उगीच उभी राहते. तो म्हणतो, आजी, सरका. आजी म्हणतो मेला.

शालूला बी ओढून आणलं. ती माझा पदर धरून, डोळे भुईला लावून चालते. तुझ्या घरी सगळ्यांना माझी आठवण टोचत राहो.

अक्का

———

कळमनुरी, फाल्गुन शु. ७

ती. गं. भा. अक्का यांस सा. न. वि. वि. पत्र वाचून हसू आलं, मग घाम आला.

तुमच्या पेठेतल्या फेऱ्या वसमतपर्यंत पोचल्या. मध्यस्थ म्हणाला की मुलीची आत्या फार पुढची दिसते. सुनीती दोन दिवस नीट जेवली नाही. मी तुम्हाला कधी काही शिकवलं नाही, पण हात जोडून सांगतो. बोळ अजून उघडा आहे. सुनावणीत आपण जिंकू. तोवर मागूनच जावं. आणि मंडळी कालिंदीला पाहायला येतील तेव्हा तुम्ही आमच्याकडे असावं की नंतर यावं, ते तुम्हीच ठरवा. मला लिहायला जड जातं.

राग आला तरी पत्र थांबवू नये.

आपला, नाना

———

हिंगोली, फाल्गुन व. ४

चि. नानास आशीर्वाद. वि. वि. राग आला न्हाई. तुला जड गेलं, एवढ्यात मला पावलं.

सुनावणी झाली. तू सांगितल्यापरमाणं घडलं न्हाई, तवा बसून वाच.

आदल्या दिवशी शेट स्वतः दारात आले. पेठेकडच्या. म्हणाले, अक्का, मी अर्ज मागं घेतो. बोळ तुमचा तुमाला, तुमी आपल्या मागून जात जा, मला फार तकलीफ होऊन राहिली. ओटा तर त्यांनी हौसेनं आधीच तोडला होता. तो गेला तर जाऊ द्या म्हणाले. मी मनात म्हणलं, जिंकलं. आत शालू होती, तिला सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं तांब्या उचलला अन् मागच्या दाराकडं वळली.

नाना, मला त्या रात्री अन्न गेलं न्हाई. माझी बारा वर्षं गेली, जाऊ दे. पर ती बावीसची हाय. बोळ राहिला तर ती चाळीस वर्षं त्याच बोळातून जाईल. अन् तो बोळ मी सही करून राखला असंल.

कमेटीपुढं शेट म्हणाले, अर्ज मागं घेतो. मी म्हणलं, मी बी हरकत मागं घेते, बोळ शेटला देऊन टाका. तहसीलदार साहेब एकदा त्यांच्याकडं पाहून राहिले, एकदा माझ्याकडं. म्हणाले, असे पक्षकार मी नोकरीत पाहिले न्हाईत. मला विचारलं, बाई, मग तुमी जाणार कुठून? मी म्हणलं, पेठेतून. साहेब म्हणाले, तुमच्या कागदात तर रिवाज लिहिलाय. मी म्हणलं, तो माझ्या भावाचा हात हाय, त्याचं उर्दू चांगलं हाय. बोळ हाय तोवर आमच्या शालूला पेठ दिसणार न्हाई. तवा बंद करा, पक्का करा. शेट म्हणाले, साहेब, मला नको. साहेब म्हणाले, शेटजी, तुमचा ओटा तुटला, गाड्या त्यावरून जाऊन राहिल्या, आता रस्ता सरकारचा अन् बोळ तुमचा. हुकूम लिहिला. शेटचं तोंड हळदीवानी झालं.

चार दिवसांमागं भिंत चढली. शालू दाराशी उभी राहून पाहत होती. माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी नदीला निघताना पेठेकडचं दार तिनंच उघडलं. मान अजून खालीच हाय. पदर मात्र धरला न्हाई.

वसमतच्या लोकांचं तू पाहा. कालिंदीचं मोडावं असं मला वाटंल का? तुला मी घरात नको असेन तर एक ओळ लिही, मी येणार न्हाई अन् मनात बी धरणार न्हाई. पर आले तर माजघरात लपून बसणार न्हाई. आशीर्वाद आहेतच, ते कमी करता येत न्हाईत.

अक्का

———

कळमनुरी, फाल्गुन व. ९

ती. अक्का यांस सा. न. वि. वि. मंडळी गुरुवारी येत आहेत. मी त्यांना कळवलं आहे की मुलीची आत्या घरी असेल आणि पुढच्या खोलीत बसेल. त्यांचं अजून उत्तर आलेलं नाही. ते आले नाहीत तरी तुम्ही यायचं आहे. असं सुनीतीनंच मला लिहायला सांगितलं, आणि कालिंदीनं दोनदा येऊन लिहिलं का म्हणून पाहिलं.

मी बुधवारी गाडी घेऊन येतो. आजवर तुम्हाला न्यायला आलो की गाडी मागे, बोळाच्या तोंडाशी लावीत आलो. तसं तुम्ही कधी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मीच लावीत होतो.

बुधवारी पेठेत लावीन. तुम्ही निघायची घाई करू नका. मी बैल धरून थोडा वेळ उभा राहीन.

आपल्या मायेत धरून ठेवावं.

आपला, नाना