‘बाहेरील’ या नोंदीमुळे बंद झालेल्या घरबसल्या वाचनाबाबत

प्रति,
मा. ग्रंथपाल,
विद्यापीठ मध्यवर्ती ग्रंथालय,
ई-संसाधन विभाग, दुसरा मजला.

विषय : आवाराबाहेरून ई-नियतकालिके वाचण्याची सुविधा मिळण्याबाबत, न मिळाल्यास येत्या मंगळवारी होणाऱ्या गैरसोयीची आगाऊ कल्पना देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ३ ऑक्टोबरचा ऑनलाइन अर्ज.
२) माझ्या तक्रारी क्र. ४११७, ४१३८ व ४१६० (तिन्ही ‘समाधान झाले’ असा शेरा मारून बंद).
३) आपल्या विभागाशी दूरध्वनीवर झालेली संभाषणे, एकूण अकरा.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, आपल्या विद्यापीठाची अर्धवेळ संशोधक विद्यार्थिनी असून माझ्या नोंदणीचे हे आठवे आणि नियमाप्रमाणे शेवटचे वर्ष आहे. पोटापाण्यासाठी मी रुग्णालयात बोलण्याच्या व गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करते. पक्षाघातानंतर माणूस पुन्हा गिळायला कसा शिकतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे.

२. प्रबंध दोन्ही परीक्षकांनी वाचला आहे. पहिल्या परीक्षकांना तो पसंत पडला. दुसऱ्या परीक्षकांनाही पडला, परंतु गेल्या दोन वर्षांतील सहा लेखांचा परामर्श त्यात घेतलेला नाही, तो घेऊन प्रबंध ३० नोव्हेंबरपर्यंत पुन्हा सादर करावा, असे त्यांनी कळवले आहे. मुदत चुकल्यास नोंदणी रद्द होईल व आठ वर्षांचे काम रद्दीत जाईल. सहाही लेख आपल्या ग्रंथालयाच्या वर्गणीत आहेत. म्हणजे लेख आहेत, मी आहे, वाचायची इच्छा तर ओसंडून वाहते आहे. मधे काय आहे, ते पुढे मांडते.

३. फेब्रुवारीत माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. ज्या विषयावर मी सात वर्षे लिहीत होते तो विषय एका सकाळी घरातच येऊन बसला. त्यांचे डोके शाबूत आहे, जीभ थोडी जड आहे आणि गिळणे अजून भरवशाचे नाही. पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने द्यावे लागते. हनुवटी खाली, एक चमचा, दोनदा गिळणे, घसा साफ झाल्याची खात्री, मग पुढचा चमचा. एका जेवणाला चाळीस मिनिटे लागतात आणि हे काम मी दुसऱ्या कोणावर सोपवू शकत नाही. माझी आत्या आठवड्यातून दोनदा दोन तास येऊन बसते, परंतु भरवायला ती घाबरते, आणि तिने घाबरावे हेच मला बरे वाटते. विद्यापीठ माझ्या घरापासून दोन बस बदलून तीन तासांवर आहे. त्यामुळे आठ महिने बिनपगारी रजा घेऊन मी घरी आहे, आणि म्हणूनच आवाराबाहेरून वाचण्याची सुविधा मागितली.

४. आता मुख्य मुद्दा. संदर्भ क्र. १ च्या अर्जात रकाना सात असा आहे : ‘वापरकर्ता : आतील / बाहेरील. (लागू असेल तेथे खूण करावी.)’ मी घरी बसून, म्हणजे आवाराच्या बाहेरून, वाचणार होते. मी ‘बाहेरील’वर खूण केली. माझ्या जागी आपण असता तर आपणही तीच केली असती, असे मला नम्रपणे वाटते.

५. दुसऱ्या दिवशी माझे खाते उघडताच पडद्यावर मजकूर आला : ‘आपण या विद्यापीठाच्या बाहेरील व्यक्ती आहात.’ त्याबरोबर माझे आठ वर्षांचे सदस्यत्व गेले, जतन केलेल्या तीनशेहून अधिक नोंदी गेल्या आणि वाचनयादी कोरी झाली. मी दूरध्वनी केला. आपल्या विभागातील लिपिक अत्यंत सौजन्याने बोलतात, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही स्वतःच लिहून दिलंय की तुम्ही बाहेरच्या आहात. आता आम्ही तुम्हाला आत कसं घ्यायचं?” मी आठ वर्षांच्या शुल्काच्या पावत्यांचा उल्लेख केला. ते म्हणाले की पावत्या लेखा विभागाच्या असतात, खूण मात्र माझी आहे.

६. त्यांनी समजावून सांगितलेला नियम मला जसा उमगला तसा लिहिते. आतील वाचकांना बाहेरून वाचता येते. बाहेरील वाचकांना फक्त आत येऊन, वाचन कक्षातील दोन संगणकांवर, अकरा ते चार या वेळेत वाचता येते. म्हणजे जो आत आहे त्याने बाहेर जावे आणि जो बाहेर आहे त्याने आत यावे. हा नियम मी कागदावर उतरवून तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचण्याचे धाडस झाले नाही.

७. चूक दुरुस्त करण्याचा स्वतंत्र अर्ज आहे हे कळल्यावर मला हायसे वाटले. त्याचा दुवा मला मिळाला. तो फक्त विद्यापीठाच्या आवारातील जोडणीवरच उघडतो. तो आवारात येऊन भरला तरी दुरुस्तीस कामकाजाचे पंधरा दिवस लागतात. आज तो भरला असता, तरी मी मुदत संपल्यावर आतील झाले असते.

८. दरम्यान मी तीन तक्रारी नोंदवल्या. प्रत्येक तक्रार अठ्ठेचाळीस तासांनी आपोआप बंद झाली आणि प्रत्येक वेळी ‘आपण किती समाधानी आहात?’ असे विचारणारे पाच तारे आले. तिसऱ्या वेळी मी एक तारा दिला. त्यावर ‘आपल्या कौतुकाबद्दल आभारी आहोत’ असे उत्तर आले. कौतुक कशाचे, हे मला अजून कळलेले नाही. त्यानंतर आपल्या मदत कक्षाने सुचवले की लेख मिळत नसल्यास थेट लेखकाशी संपर्क साधावा. त्याप्रमाणे पाच लेखकांना पत्रे लिहिली. एक वारले आहेत, दोघे उत्तर देत नाहीत, दोघांनी ‘आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहावे’ असे कळवले. सहाव्या लेखाची लेखिका मीच आहे. माझ्याकडे त्याचा कच्चा खर्डा आहे, परंतु परीक्षकांना छापील पानांचे क्रमांक हवे आहेत आणि ते क्रमांक मला पाहता येत नाहीत.

९. माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या एका मैत्रिणीने स्वतःचा पासवर्ड देऊ केला. मोह झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘सर्व साहित्य वैध मार्गाने मिळवले आहे’ असे प्रतिज्ञापत्र आहे आणि त्याखाली माझी सही आहे. चुकीच्या जागी केलेल्या एका खुणेचा अनुभव घेतल्यानंतर मी सह्यांच्या बाबतीत फार जपून वागते.

१०. महोदय, मला राग आला आहे. तो शासकीय भाषेत कसा लिहितात हे मला ठाऊक नाही, म्हणून साध्या भाषेत लिहिले. आठ वर्षे मी रुग्णालयातून थेट आपल्या वाचन कक्षात येत होते, डबा जिन्यावर बसून खात होते, दिवे मालवेपर्यंत बसत होते. ज्या संस्थेत इतकी वर्षे काढली तिने एका खुणेवरून मी कोणीच नव्हते असे सांगावे, याचे मला वाईट वाटले.

११. हे सगळे माझे वडील पलंगावरून ऐकत होते. ते टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करत, छत्तीस वर्षे. परवा अकरावा दूरध्वनी आटोपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. एकेक शब्द जुळवत म्हणाले, “पत्ता चुकलेली पत्रं रोज यायची. आम्ही पत्रावर राग नाही काढला. उचलून नेऊन द्यायचो.” मग जरा दम खाऊन म्हणाले, “मला घेऊन चल. मी बसतो गप.”

१२. मी नाही म्हटले. रात्रभर विचार केला. सकाळी हो म्हटले. घर सोडून मला ग्रंथालयात येता येत नाही, म्हणून घरच घेऊन येण्याचे ठरवले आहे. मंगळवार दि. २१ रोजी मी बाहेरील व्यक्ती म्हणून, नियमात बसून, अकरा वाजता हजर होईन. गाडी ठरवली आहे. चाकाची खुर्ची सहासष्ट सेंटिमीटर रुंद आहे, आपले फिरते फाटक साठ सेंटिमीटर आहे. तरी बाजूचे, नेहमी कुलूप असलेले दार उघडून मिळावे. दुपारी साडेबाराला वडिलांना भरवावे लागेल. वाचन कक्षात खाण्यास मनाई आहे, हे मला माहीत आहे. तो चाळीस मिनिटांचा वेळ कोपऱ्यातील टेबलाशी, खाली कागद अंथरून, मिळावा. सहा लेख एका दिवसात होणार नाहीत. म्हणून मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस धरावेत.

१३. याउपर माझा मूळ अर्ज मंजूर करावा व आम्हा दोघांचा प्रवास वाचवावा, हे पूर्णपणे आपल्या अधिकारात आहे. त्यासाठी आपल्याला फक्त एक खूण एका चौकटीतून शेजारच्या चौकटीत न्यायची आहे. ती मंगळवारच्या आधी नेली गेल्यास हा अर्ज रद्द समजावा व वडिलांना मी समजावेन.

आपली नम्र व ३० तारखेपर्यंत नोंदणीकृत,

(सही)
अर्धवेळ संशोधक विद्यार्थिनी

दिनांक : १७ नोव्हेंबर

सोबत :
१) शुल्काच्या पावत्या, आठ वर्षे.
२) दुसऱ्या परीक्षकांचे पत्र.
३) वडिलांचे वैद्यकीय प्रमाणपत्र.
४) वाचन कक्षात ‘शांतता राखा’ या पाटीखाली चार दिवसांसाठी लावावयाची सूचना. मजकूर असा :

‘कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या आजोबांना अधूनमधून जोराचा ठसका लागेल. कृपया त्यांच्याकडे रागाने पाहू नये, शुक् शुक् करू नये. ठसका लागतो तोवर त्यांचा घसा नीट काम करतो आहे. खाताना किंवा खाल्ल्यानंतर ते अगदी गप्प झाले आणि डोळ्यांत पाणी आले, तर मात्र कोणाचीही परवानगी न घेता, असाल तेथून मोठ्याने मला हाक मारावी. मी संगणक क्रमांक दोनवर आहे.’